ताई, तू त्या दिवशी जेवली होतीस

प्रिय ताई,

हे पत्र खरं म्हणजे तुझ्या लेकीनं लिहायचं. पेणच्या सरकारी दवाखान्यात साखरेच्या पेशंटांशी बोलायला एक मॅडम बसतात. त्यांनी प्राजूला सांगितलं, "तुला कशाची भीती वाटते ते लिहून काढ, हवं तर कुणाला दाखवू नकोस." प्राजूनं कोरा कागद घडी करून फ्रीजवर ठेवला आणि अंगणातल्या गणपतीच्या कारखान्यात निघून गेली. गृहपाठ तिचा आणि करत बसलेय मी! काय करू गो? भीती तर मलाच वाटतेय. सकाळपासून एक काम धड होत नाही. दोनदा चहा उतू घालवला. भावोजी काही बोलले नाहीत, पण शेगडीकडे असं बघून गेले की बोलले असते तर बरं झालं असतं.

उद्या सकाळी प्राजू मंडळाच्या मोठ्या गणपतीचे डोळे आखायला बसणार आहे. उपाशीपोटी. बाबांच्या रीतीनं, तुझ्या रीतीनं. आणि तिला इन्सुलिनची सुई चालू आहे, ताई. उपाशी पोट आणि सुई एकत्र आली की काय होतं ते या आपल्या जोहे गावात तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

म्हणून तुला आधी सांगून ठेवते. तू मला घातलेली शपथ मी मोडणार आहे.

रागावलीस? रागाव. जिवंत होतीस तेव्हाही रागावून दोन-दोन दिवस बोलायची नाहीस, आता काय वेगळं करणार आहेस! पण आधी माझं ऐकून घे. मध्ये बोलायची सोय तुला राहिलेली नाही, तेवढा तरी फायदा मला होऊ दे.

तू गेल्यावर प्राजू वाळायला लागली. सगळे म्हणाले, आईसाठी झुरतेय पोर. मीही तेच म्हणाले. घटाघटा पाणी प्यायची, सारखी मागच्या दारी जायची, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. शेवटी भावोजींनी तिला पेणला नेलं, आणि कळलं की साखर. या वयात! डॉक्टर म्हणाले, "हिची साखर आईसारखी नाही. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. आईनं कधी गोळीवर, कधी नुसतं ढकलत नेलं असेल, हिला सुई चुकवून चालणार नाही." प्राजूनं एकच विचारलं, "माझा हात थरथरेल का?" डॉक्टरांना वाटलं, सुई टोचताना म्हणतेय. म्हणाले, "सवय होते," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यांना कुठं ठाऊक असणार ती काय विचारत होती! आपल्या गावात मात्र प्रत्येकाला ठाऊक आहे. आख्ख्या गावाच्या तोंडी एकच वाक्य आहे, "सुई लागली नि हिच्या आईचा हात गेला." तुझं नाव निघालं की पाठोपाठ हेच. माझ्या अंगाचा तिळपापड होतो गो. पण बोलता येत नाही, कारण तू तोंडाला कुलूप घातलंस.

बाबांचा डोळ्यांचा दिवस आठवतो तुला? पहाटे आंघोळ, धुतलेलं धोतर, तोंडात पाण्याचा थेंब नाही. "पोट भरलं की हात सुस्तावतो," म्हणायचे. आपण दोघी उंबऱ्यावर बसायचो, शिंकसुद्धा दाबून धरायचो. तोवर ती मूर्ती नुसती रंगवलेली माती असायची. बाबा श्वास धरून बुबुळ आखायचे, आणि एकदम वाटायचं, अरे, हा तर आपल्याकडेच बघतोय! मला तर भीतीच वाटायची, की काल मी चोरून खाल्लेले लाडू यानं बघितले असतील. तू मात्र नुसती बघत राहायचीस. तेव्हाच तुझं ठरलं असणार.

बाबांच्या नंतर तू तीच रीत धरलीस. बाई डोळे आखते म्हणून आधी नाकं मुरडणारे पुढे तुझ्याकडेच रांग लावायला लागले. मी रोह्यात ब्लाउज शिवत बसायचे आणि सीझन आला की मशीनवर कापड टाकून तुझ्या मदतीला यायचे. रेल्वेनं निडी, नागोठणे, कासू, पेण. प्रवासभर डब्यातल्या बायकांना सांगायचे, माझी बहीण देवाला नजर देते. किती मिरवले असेन मी तुझ्या जिवावर!

मग तुला साखर निघाली. गोळ्या झाल्या, गोळ्यांनी भागेना, सुई आली. त्या वर्षी तू सकाळी सुई घेतलीस आणि रीतीप्रमाणे उपाशीच पाटावर बसलीस. कपाळावर घाम, ओठ पांढरे. आणि तुझा हात, ताई! ब्रशचं टोक असं कापत होतं की मी मान वळवली. डावा डोळा खाली घसरला. बघायला आलेले मंडळाचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. तू ब्रश ठेवलास आणि एवढंच म्हणालीस, "सुईनं हात नेला माझा."

कुणीच म्हणालं नाही की बाई, आधी काहीतरी खा! म्हणणार कोण? आपल्यापैकी कुणाला माहीत होतं की सुई घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर खाली उतरते, घाम फुटतो, हात थरथरतो? सुई कुठं टोचायची ते तुला दाखवलं, दिवसातून किती वेळा ते सांगितलं. पण तू काय काम करतेस, कुठल्या दिवशी जेवत नाहीस, हे तुला कुणी विचारलं का? नाही. आणि तू होऊन सांगितलंस का? तेही नाही! देवाची गोष्ट दवाखान्यात कशाला सांगायची, असं तुझं.

तेव्हापासून सीझन आला की सुई फ्रीजमध्ये मागं जायची, पापडाच्या डब्याआड. गणपती गेले की पुढं यायची.

आणि तपासणीची तुझी तऱ्हा! रक्त द्यायचं असलं की आधीचे दोन दिवस तू नुसत्या ताकावर. मी म्हटलं, "हे काय गो नवीन?" तर म्हणालीस, "रिपोर्ट वाईट आला की डॉक्टर ओरडतात. सगळ्यांसमोर ओरडतात. मला नाय सहन होत." रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर छान म्हणाले, आणि तू शाळेत पहिला नंबर आल्यासारखी पेणच्या बाजारातून मिरवत चालत होतीस. मला हसू आलं होतं तेव्हा. आता आठवलं की एका जागी बसवत नाही.

आमच्या शेजारच्या नूरआपा आहेत ना, मुलगा आखातात असतो त्या? त्यांनाही सुई आहे. रमजान यायच्या आधी त्या डॉक्टरकडे गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "मला रोजे धरायचेत, सुईचं काय करू ते सांगा." डॉक्टरांनी सुई बदलून दिली, वेळ बदलून दिली, आणि कधी रोजा सोडायचाच ते बजावलं. मी त्यांना विचारलं, लाज नाही वाटली? त्या म्हणाल्या, "अगो, लाज कसली? साखर मला हाय, उपास माझा हाय. मी नाय विचारणार तर काय शेजारीण विचारंल?" मी घरी आले आणि तुझा इतका राग आला मला! एवढंच तर होतं, ताई. एवढंच विचारायचं होतं.

आता तो दिवस. तुझा शेवटचा सीझन. किडनीनं तोवर हात टेकले होते, पाय सुजायचे, तरी मोठ्या मूर्तीचे डोळे मीच करणार म्हणून हटून बसलीस. सकाळी भावोजी आणि प्राजू मूर्ती पोचवायला टेम्पोबरोबर गेले होते. तू पाटावर बसलीस आणि ब्रश उचलायच्या आधीच हात कापायला लागला. म्हणालीस, "सुले, डॉक्टरांनी जबरदस्तीनं सुई दिलीय काल. आजपण घेतली. बघ आता." आणि रडायला लागलीस. मला ते बघवेना. मी चिडले की काय करते तुला माहीतच आहे, मी तरातरा आत गेले आणि ताट वाढून आणलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. म्हटलं, "डोळे गेले खड्ड्यात, आधी गिळ!"

तू खाल्लंस. बिरडं दोनदा मागून घेतलंस. थोड्या वेळानं घाम ओसरला. तू हात पुढं धरून बघितलास, उलटा करून बघितलास. थरथर नाही! मग पाटावर बसलीस, आणि मी दाराला कडी लावली, आणि तू ते डोळे आखलेस. अजून लोक त्यांचं नाव काढतात. प्राजूच्या फोनवर पहिला फोटो त्याच मूर्तीचा आहे, रोज उघडून बघते, तसे डोळे यावेत म्हणून जुन्या पत्र्यावर गिरवत बसते.

ब्रश धुताना तू म्हणालीस, "म्हणजे इतकी वर्षं सुई नव्हती गो. भूक होती." तुझा तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

मग मला वाटलं, तू सगळ्यांना बोलावून सांगशील. पण तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवलास. "प्राजूला सांगू नको. लहानपणी डोळ्यांच्या दिवशी गूळ चाटला म्हणून तिला मारलंय मी. आता कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या मरणाची शपथ हाय तुला." काय पण शपथ घातलीस! त्याच थंडीत तू गेलीस. शपथ पाळून काय मिळालं मला, सांग ना?

गेल्या आठवड्यात भावोजींचा फोन आला. प्राजू पाटावरून कलंडली. छोट्या मूर्तींचे डोळे करत होती, सकाळी सुई घेऊन, पोटात काही न घेता. मी मशीन चालू ठेवूनच धावले बहुतेक. पोचले तोवर दवाखान्यात तिला शुद्ध आली होती. जागी झाल्यावर पहिलं काय म्हणाली माहितीये? "कुणी बघितलं का?"

तिथंच त्या मॅडमनी तिला बोलवलं. मीही आत घुसले, बाहेर बसणं मला जमतंय थोडंच. मॅडम तिला ओरडल्या नाहीत. रिपोर्टसुद्धा बाजूला ठेवला. म्हणाल्या, "सुई घेतल्यावर तू का जेवत नाहीस, ते मला समजून घ्यायचंय." मला बोलायची अशी उबळ आली होती की मी पदर तोंडात धरला. मग प्राजू म्हणाली, "आईचा हात माझ्यात आलाय असं लोक म्हणतात. मी खाऊन बसले आणि डोळे बिघडले, तर लोक म्हणतील रीत मोडली म्हणून बिघडले. आणि मला पण तसंच वाटंल." आणि पुढं अगदी हळू, "साखर झाल्यापासून सगळे माझ्याकडे असे बघतात जसं काय मी पण चाललेच आईच्या मागं. निदान डोळे तरी तिच्यासारखे येऊ देत."

ताई, तुला कुणी असं विचारलं असतं तर? तू बोलली असतीस का गो?

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. सुई आणि जेवण यांची सांगड कशी घालायची, हात कापायला लागला तर लगेच साखर खायची, पाटाजवळ गूळ ठेवायचा. प्राजूनं सगळ्याला मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणते, "सगळं करीन मावशी. फक्त मोठ्या मूर्तीच्या दिवशी नाय. त्या दिवशी सुई पण नाय नि जेवण पण नाय." सुई पण नाय! डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतायत की हिनं सुई चुकवली तर जिवावर बेतेल, आणि ही असं म्हणते. कुणाची लेक आहे ते सांगायला नको.

तो दिवस उद्या आहे. बाहेर प्राजू मूर्तीच्या कपाळाला रंग देतेय. मला लिहवत नाही, बसवत नाही. पत्र इथेच ठेवते.

*

ताई, सांगितलं. सांगून टाकलं!

आज सकाळी ती आंघोळ करून ओल्या केसांनी कारखान्यात निघाली तर मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाली, "मावशी, बाजूला सर. आज नको." मी म्हटलं, "त्या फोटोतल्या मूर्तीचे डोळे तुझ्या आईनं जेवून केलेत." ठरवलं होतं हळूहळू सांगायचं, आधी हे, मग ते. कसलं काय! एका दमात बाहेर आलं.

"खोटं."

"तुझ्या आईची श..." म्हणता म्हणता मी जीभ चावली. पुन्हा कुठं शपथेच्या भानगडीत पडू! म्हटलं, "खरं हाय. मीच वाढलं. मीच दाराला कडी लावली."

तिनं विचारलं, "काय जेवली?" मी म्हटलं, "भाकरी नि वालाचं बिरडं." "सुई घेतलेली?" "व्हय. सुई घेऊन, जेवून, मग बसली. हात इतकासा पण हलला नाय." मला वाटलं रडेल. पण ती चिडली, अशी चिडली! "मला गुळासाठी मारलेलं तिनं! मी आजपर्यंत समजत होते, सुईनं आईचा हात नेला, माझा पण नेणार. रोज टोचताना तेच डोक्यात. मला का नाय सांगितलं? मी काय तिला नावं ठेवणार होते?"

मी म्हटलं, "तिला भीती वाटली, बाय."

"आईला? कुणाची?"

"तुझी," मी म्हणाले. "तू काय म्हणशील याची. डॉक्टर ओरडतील याची. लोक हसतील याची. तिला सगळ्याचीच भीती वाटायची, नि ती कुणाला सांगायची नाय."

आता मात्र ती खाली बसली. भावोजी मागं कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरलेले, आणि बोलले काय तर, "डोळे जरा उशिरा झाले तरी चालतंय. गणपती काय पळून जात नाय." एवढं बोलून ते शेगडी पेटवायला गेले.

प्राजू दारातून समोरच्या त्या कोऱ्या डोळ्यांच्या मूर्तीकडे बघत होती. मी गप्प. शपथेवर सांगते, म्हणजे शपथेवर नको, पण खरंच गप्प होते. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, आईला कधीच भीती वाटली नाय. मलाच एकटीला वाटते." आणि जरा वेळानं, अगदी लहानपणीच्या आवाजात, "मावशी, मला भूक लागलीय गो. कधीपासून लागलीय."

ताई, साखर निघाल्यापासून तिच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता.

आता ती आत बसलीय. साखर तपासली, सुई घेतली, आणि भावोजी वाढतायत. मी बाहेर पायरीवर बसून हे लिहितेय, कारण तिच्यासमोर रडले तर ती खायची थांबेल. डोळे कसे येतील? माहीत नाही. चांगले येतील, नाहीतर घसरतील. घसरले तर पुसून पुन्हा आखू. रीत मोडली म्हणून कुणी बोललंच तर माझ्याकडे पाठव, मी बघते त्याच्याकडे!

तुझी शपथ मोडली, तर बदल्यात एक वचन घे. या पोरीला मी साखरेचा आकडा विचारायच्या आधी, जेवलीस का विचारायच्या आधी, तुला आज कसं वाटतंय हे विचारीन, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसेन. मला गप्प बसणं किती जड जातं ते तुला माहीत आहे, तेव्हा वचन काय तोलाचं आहे ते समज. आणि ती म्हणाली की भीती वाटते, तर घाबरू नको असं नाही म्हणणार. मी पण घाबरलेय, असं म्हणेन आणि तिच्याजवळ बसेन. तुझ्याजवळ असं कुणी बसायला हवं होतं गो, ताई.

आतून हाक येतेय. आणखी भाकरी मागतेय ती. जाते.

तुझ्यावर अजून चिडलेली,
तुझी धाकटी,
सुलू